'क'चा क्रमांक आणि 'क'चे रूप
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



समितीने मध्यंतरी मला एका जुन्या स्मरणिकेची सीडी दिली. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या होत्या, आणि त्यात माझ्या कै. वडिलांचाही लेख होता. सीडी उघडली, तर 'गणपती'च्या जागी एक्स, टिंब, के, आय, आर, एच! सगळी पाने अशीच.

सीडी धडधाकट होती. आपल्या झाशीकडचे डीटीपीवाले तेव्हा सर्रास कृतिदेव वापरत. त्यात 'क' बसतो इंग्रजी डीच्या घरात. दुसऱ्या फॉन्टात तो आणखी कुठे तरी. एका फॉन्टात जेमतेम 256 घरे, त्यांत वेलांट्या, रफार, जोडाक्षरे कोंबायची. त्या मंडळींना मी नावे ठेवणार नाही, आपल्या घरच्या लग्नपत्रिका त्यांच्याच कल्पकतेवर छापल्या गेल्या. पण ज्याची त्याची युक्ती निराळी, त्यामुळे एकाचे दुसऱ्याला वाचता येईना.

गंमत म्हणजे सर्वांसाठी एक संकेत तयार होत होता, तोही आपल्या शेजारी, कानपूर आयआयटीत! मोहन तांबे यांचा त्यात मोठा वाटा. 1988 साली पुण्यात सी-डॅक सुरू झाले, तिथे हे काम पुढे गेले आणि 1991 साली 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्याच 1988 च्या आराखड्यावरून घेतली. तिथे 'क'चा क्रमांक 2325, जगात कुठेही जा.

आमच्या कार्यालयातली तरुण मुले कुरकुरतात, "सर, नियमांनी हात बांधले जातात." मी त्यांना 'ल' आणि 'श' दाखवतो. हिंदी वळणाचा 'ल' वेगळा, आपला वेगळा (पत्रिकेवर हिंदी वळण दिसले की आपल्या आजीबाई नाक मुरडतात!). युनिकोडमध्ये क्रमांक मात्र एकच. क्रमांकाशी खेळायचे नाही, रूप कितीही नटवा. प्रोग्राम लिहितानाही मी हेच सांगतो: फाइल दुसऱ्याच्या हाती जाते तिथे संकेत पाळा, आतली करामत तुमची.

रूपांतर करणारा प्रोग्राम चालवल्यावर वडिलांचा लेख बहुतेक वाचता आला. 'ऱ्या' तेवढा तुटला. त्या डीटीपीवाल्याने त्यासाठी खास स्वतःची युक्ती केली होती, ती कुठल्याच तक्त्यात नव्हती. किल्ल्याच्या 'पायऱ्या' लेखात सात वेळा आल्या आहेत, सातही मी हाताने दुरुस्त केल्या. लेख आता युनिकोडमध्ये समितीकडे दिला आहे.