‘मेड इन चायना’ गिटार घ्यावी का?

माझी पहिली गिटार स्वस्तातली. तारा इतक्या उंच, की एफ कॉर्ड धरताना बोटं सोलवटायची. वाटलं, आपल्यालाच जमत नाही. सोडून दिलं. दोष गिटारचा होता!

आता वाजवतो ती यामाहा एफजी ८००. तीही चीनमध्येच बनलेली. ग्वीचौ प्रांतातल्या झेंगआनमध्ये तर ग्वांगडोंगच्या कारखान्यांत शिकून गावी परतलेले कारागीर गिटार बनवतात.

म्हणून शिक्का नको, गिटार बघा. साउंडहोलच्या कडेला वरच्या लाकडाच्या रेषा सलग आत उतरल्या तर सॉलिड टॉप. थर दिसले तर प्लाय. बाराव्या फ्रेटवर तार साधारण २ ते २.५ मिलिमीटर उंच हवी. जास्त असेल तर आधी सेटअप करून घ्या. शिकणं सोडू नका. भेटू पुढच्या भागात!