उन्हाळा आणि घरचें मांजर



नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढें जातो, हें आपणांस ठाऊकच आहे. त्या दिवसांत आपण खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावितों, माठांतलें पाणी पितों, कैरीचें पन्हें करतों. परंतु त्याच घरांत आपल्या पायांत घुटमळणाऱ्या मांजराची तजवीज काय, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनांत येतो. ‘मांजराला ऊन आवडतें, तें आपलें आपण पाहून घेईल,’ असा आपला समज असतो. हा समज अर्धा खरा व अर्धा घातक आहे.

खरा एवढ्यासाठीं कीं, घरगुती मांजराचे पूर्वज हे आफ्रिका व पश्चिम आशियांतील रुक्ष प्रदेशांतले. शिकारीच्या मांसांतील पाण्यावरच त्यांची बरीचशी गरज भागे. घातक एवढ्यासाठीं कीं, त्या पूर्वजाला दुपारीं सांवलींत निजून रात्रीं हिंडण्याची मुभा होती. तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराला ती नाहीं. शिवाय तहान बेताची लागण्याचा तो जुना स्वभाव कायम राहिला आणि आहार मात्र पाकिटांतला कोरडा झाला. मग अंगांतलें पाणी आटत जातें आणि कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

मांजराच्या शरीराची उष्णता स्वभावतःच ३८ ते ३९ अंश असते. आपल्याप्रमाणें त्याला सर्वांगास घाम येत नाहीं. तो येतो केवळ पंजांच्या गाद्यांना. म्हणून तें अंग चाटून ओलें करतें. माठ पाझरतो, पाण्याची वाफ होते व ती वाफ उष्णता घेऊन जाते. तोच नियम येथेंहि लागू आहे. मुंबई-कोंकणांतील दमट हवेंत वाफ लवकर होत नाहीं; म्हणून तेथें पारा कमी असूनहि मांजर कासावीस होतें. कोरड्या अंगावर नुसता पंखा फिरला, तर आपल्याला वाटतो तितका गारवा त्याला मिळत नाहीं.

आतां उपाय पाहूं. पाण्याचीं दोन-तीन पसरट मातीचीं भांडीं घरांत निरनिराळ्या जागीं, जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवावीं व पाणी सकाळ-संध्याकाळ बदलावें. पाण्याऐवजीं दूध देऊं नये. पुष्कळ वयस्क मांजरांना तें पचत नाहीं आणि ढाळ लागून शरीरांतलें पाणी उलट कमी होतें. कोरडें खाणें पाणी घालून द्यावें किंवा बिनमिठाची उकडलेली मासळी तिच्या पाण्यासकट द्यावी; उरलें तर लगेच उचलावें. न्हाणीघराची गार फरशी त्याला मोकळी असूं द्यावी. केंस रोज विंचरावे, पण भादरूं नयेत. कातडी उघडी पडली कीं ऊन भाजतें. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या टोकांना तर उन्हानें कालांतरानें कर्करोगहि होऊं शकतो.

वाऱ्यासाठीं खिडकी उघडावी, पण जाळी बसवून. न्यूयॉर्कमधील पशुवैद्यांनीं १९८७ सालीं उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. उपचारानें त्यांतलीं बहुतेक वांचलीं. तरी छातीस व जबड्यास झालेल्या दुखापती थोड्याथोडक्या नव्हत्या.

सर्वांत मोठें भय बंद जागेचें. पत्र्याची खोली, माळा, कपाट, उन्हांत उभी मोटार, यांना कुलूप लावण्यापूर्वीं आंत मांजर नाहीं ना, हें पाहावें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या शेजाऱ्यांनीं गच्चीवरची खोली सकाळीं बंद केली. दुपारीं घरांतल्या धाकट्या मुलीनें ‘मनी कुठें आहे?’ म्हणून हट्ट धरला, तेव्हां दार उघडलें. मनी तोंड उघडें टाकून धापा टाकीत होती, लाळ गळत होती. मुलीच्या त्या प्रश्नानेंच तिचा जीव वांचला.

कुत्र्याचें धापणें नित्याचें असतें; मांजराचें धापणें ही संकटाची खूण आहे. चपट्या नाकाचीं पर्शियन, लठ्ठ व म्हातारीं मांजरें या संकटांत लवकर सांपडतात. अशा वेळीं त्याला सांवलींत न्यावें. पंजे, पोट व कान साध्या पाण्यानें ओले करून मग पंखा लावावा. बर्फ लावूं नये, ओल्या टॉवेलांत गुंडाळून ठेवूं नये आणि तोंडांत बळेंच पाणी ओतूं नये. पॅरासिटामॉल तर मुळींच देऊं नये. हा ताप नव्हे, आणि त्या औषधाची अर्धी गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते. तें हुशारल्यासारखें दिसलें तरी पशुवैद्याकडे न्यावेंच. आंतल्या इंद्रियांची इजा पुष्कळदां मागाहून प्रकट होते.

सुटींत गांवीं जातांना भांडेंभर पाणी ठेवून दाराला कुलूप घालणें म्हणजे व्यवस्था नव्हे. दिवसांतून दोनदां येऊन पाहील अशा शेजाऱ्याच्या हातीं किल्ली द्यावी. ज्या जीवाला आपण दार उघडून आंत घेतलें, त्याला स्वतः दार उघडतां येत नाहीं. एवढें ध्यानांत ठेवलें, तरी पुष्कळ झालें.