दोन वर्षांचे मास्तर



आमची हयात इंग्रजीचे तास घेण्यात गेली. परवा आमची एक जुनी विद्यार्थिनी विचारायला आली, ‘सर, परदेशात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जाऊ का? पगार नाही, राहण्याजेवण्यापुरता भत्ता मिळेल.’ आमच्याने चटकन हो म्हणवले नाही. का म्हणवले नाही, ते आज आपल्यापुढे मांडतो.

हा मार्ग तसा जुना आहे. इंग्लंडात १९५८ मध्ये डिक्सन दांपत्याने तरुणांना असे बाहेर धाडण्यास आरंभ केला. अमेरिकेत १९६१ मध्ये केनेडींनी पीस कोअर स्थापन केले. आपल्या देशातही त्याचे स्वयंसेवक १९७६ पर्यंत येत असत. पहिली तुकडी ३० ऑगस्ट १९६१ रोजी घानाच्या आक्रा शहरी उतरली. पन्नासेक जण होते, सारे शाळांत शिकवायला आलेले. विमानतळावरच त्यांनी तिथल्या ट्वी भाषेतले एक गीत म्हटले. उच्चार कसे होते कोण जाणे! पण शिकवायला आलेल्यांनी आधी स्वतः काही शिकून आणले होते, आणि यजमानांना त्याचे कौतुक वाटले.

दुसरी बाजू दिसायला फार दिवस लागले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात नायजेरियातील इबादान येथे प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुण स्वयंसेविकेने मायदेशी एक पोस्टकार्ड लिहिले. तिथल्या हलाखीचे आणि मागास राहणीचे वर्णन त्यात होते. ते कार्ड पोस्टात पडण्याऐवजी विद्यार्थ्यांच्या हाती पडले. सासरहून माहेरी लिहिलेले पहिले पत्र सासूने वाचावे, तसे झाले! निषेधाच्या सभा झाल्या, तिने क्षमा मागितली आणि अखेर ती परत गेली. त्या मुलीच्या मनात द्वेष होता असे आम्हांस वाटत नाही. नव्या गावी गेलेला कोणीही असेच लिहितो. पण देश स्वतंत्र होऊन जेमतेम वर्ष झालेले. विद्यार्थ्यांचा संतापही आम्हांस खोटा वाटत नाही. शिकवायला आलेला माणूस आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, हे वर्गाला पहिल्याच दिवशी कळते. त्याला पोस्टकार्ड लागत नाही.

आता खुद्द शिकवण्याविषयी. इंग्रजी ज्याची मातृभाषा त्याला ती शिकवता येतेच, हा मोठा भ्रम आहे. ‘माणूस’ला प्रत्यय लागताच ‘णू’चा ‘ण’ का होतो, असे एखाद्या परदेशीयाने विचारले तर आपल्यापैकी किती जण उत्तर देतील? तोंडात बसलेल्या भाषेचे नियम माणसाला दिसत नाहीत. ‘ए’ कुठे आणि ‘द’ कुठे, हे सांगताना इंग्रज तरुण अडखळतो आणि ठेचा खात इंग्रजी शिकलेला गावचा मास्तर नेमके सांगतो. मात्र मुलांची भीड मोडावी ती त्या परक्या तरुणानेच. त्याच्याशी बोलायचे तर इंग्रजीवाचून गत्यंतर नसते, आणि तो बाजारात तिथली भाषा बोलताना चुकला की मुले हसतात. तेव्हापासून वर्गात चुकायला कोणी लाजत नाही. हा लाभ आम्ही लहान मानत नाही.

(हल्ली काही संस्था उलट स्वयंसेवकाकडूनच पैसे घेऊन चार आठवड्यांसाठी पाठवतात. त्याला आम्ही सहल म्हणतो.)

खरी अडचण निघून जाण्याची. घानात माध्यमिक शाळेत शिक्षणाचे माध्यमच इंग्रजी. ते कच्चे राहिले की विज्ञान, गणित सारेच अडते. वर्गाचा सूर लागतो न लागतो तोच दोन वर्षे सरतात. मार्च २०२० मध्ये तर साथीमुळे पीस कोअरने ६० हून अधिक देशांतले सुमारे ७,००० स्वयंसेवक काही दिवसांत परत बोलावले. कित्येकांना मुलांचा धड निरोपही घेता आला नाही.

म्हणून त्या मुलीला आम्ही एवढेच विचारले, ‘तू परतलीस की तो वर्ग कोण घेणार?’ तिने हे त्या संस्थेला विचारलेच नव्हते. विचारून पुन्हा येते म्हणाली.