चुंबकत्वाचे शिक्षण : पाठांतराकडून प्रचीतीकडे



सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण व विजातीय ध्रुवांत आकर्षण होते, हा नियम बहुतेक विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतो. परंतु दोन चुंबक व एक लोखंडी अशा सारख्या दिसणाऱ्या ३ पट्ट्या पुढे ठेवून "यांतील साधे लोखंड कोणते?" असे विचारले, की तेच विद्यार्थी गोंधळतात. आकर्षण लोखंड व चुंबक यांच्यातही होते. चुंबकाची खरी कसोटी प्रतिकर्षण हीच होय. हे ज्याने स्वतःच्या हातांनी अनुभवले, तो ते विसरत नाही.

या अनुभवासाठी सुसज्ज प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच ध्रुवाने, एकाच दिशेने ३०-४० वेळा घासावी. प्रत्येक वेळी चुंबक उचलून परत न्यावा. ही सुई पानाच्या तुकड्यावर ठेवून पितळी भांड्यातील पाण्यात सोडली, की दक्षिणोत्तर स्थिरावते. भांडे लोखंडी का नको, हा प्रश्न मुलांनीच विचारावा. करवतीचे जुने पाते चुंबकित करून शिक्षकांनी कापडात धरून मोडावे. प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असल्याचे आढळते. सह्याद्रीच्या बेसाल्टची झीज होऊन नदीच्या वाळूत आलेले मॅग्नेटाइटचे काळे कण चुंबकाने वेचता येतात. ते कागदावर पसरून खाली चुंबक धरल्यास त्याच्या क्षेत्राच्या रेषा उमटतात.

तरंगत्या सुईच्या वर, तिला समांतर तार धरून बॅटरीच्या सेलचा प्रवाह क्षणभर सोडल्यास सुई वळते. १८२० साली ओर्स्टेड यांनी प्रसिद्ध केलेला शोध तो हाच. याच कारणास्तव आपल्या राज्यात एक वेधशाळा हलवावी लागली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाची निरीक्षणे होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित होताच, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडू नयेत म्हणून १९०४ मध्ये अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळण्यात आले.

शाळेतील चुंबक कपाटात कुलूपबंद राहिला, तर विज्ञान केवळ परीक्षेपुरते उरते. पंचायत सदस्यांनी शाळाभेटीच्या वेळी पटसंख्येबरोबरच "प्रयोग मुलांनी स्वतः केला काय?" हेही आवर्जून विचारावे. खर्च अल्प आहे. मात्र पाहून, पडताळून मग मानण्याची जी सवय त्यातून जडेल, ती त्या मुलांना जन्मभर पुरेल.