समुद्राचे मुद्दल

मुद्दल आणि व्याज यांतील भेद आम्ही अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवीत असू. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर त्याचा विसर पडला. तेथील कॉड मासळीवर लहान होड्यांतील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या जगले. मग परदेशी महाकाय ट्रॉलर आले. १९६८ साली सुमारे ८ लाख टन कॉड उपसला गेला. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द आखली. परकीय हटले, पण त्यांची जागा देशी कंपन्यांच्या ट्रॉलरांनी घेतली. मासळी घटली, लहान झाली, असे किनाऱ्यावरचे मच्छीमार सांगत होते. सरकारी अंदाज मात्र ट्रॉलरांच्या भरल्या जाळ्यांवर बेतलेले होते. अखेर १९९२ साली मासेमारीच बंद करावी लागली. हजारोंचा रोजगार बुडाला. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडले.

आपल्या कोकणातील लहान मच्छीमारही पर्ससीन जाळ्यांविरुद्ध हेच सांगत आले आहेत. १९८१ चा कायदा आहे, २०१६ चे निर्बंध आहेत; प्रश्न अंमलबजावणीचा आहे. ‘जबाबदार मासेमारी’ हे शब्द निर्यातीच्या खोक्यांवर छापून भागणार नाही. मुद्दल कोणी खाल्ले आणि उपास कोणाला घडला, हे आधी विचारले पाहिजे. आणि समुद्राचा हिशेब मांडताना लहान होडीवाल्याची साक्ष प्रथम घेतली पाहिजे.