सनावळी आणि इतिहास

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



चिटणिसांनी मला ‘परीक्षेचा अभ्यास’ हा विषय दिला आहे. मी तीस वर्षे इतिहास शिकविला. तेव्हा इतिहासाच्या पेपरापुरतेच बोलतो. या विषयाचे नाव काढताच मुलांच्या पोटात गोळा उठतो, तो सनावळीमुळे.

माझ्या थोरल्या बंधूंची हकीकत सांगतो. रात्री अंगणात ते आम्हां भावंडांना पानिपतची कथा सांगत, तेव्हा आम्ही श्वास रोखून ऐकत असू. परंतु मॅट्रिकला ते इतिहासातच नापास झाले. साले चुकली होती. “मला डोके नाही,” असे म्हणून त्यांनी शाळा सोडली व दुकानाची गादी धरली. त्यांच्याच मिळकतीवर मी शिकलो. शिक्षक झाल्यावर मला उमगले की, दादांना इतिहास येत होता. साले ध्यानात कशी ठेवावीत, एवढेच त्यांना कोणी शिकविले नव्हते. त्या ऋणाची आठवण ठेवून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, सगळी सनावळी एकदम घोकू नका. आधी पाच खुंट्या ठोका : १६३० शिवजन्म, १६७४ राज्याभिषेक, १७०७ औरंगजेबाचा मृत्यू, १७६१ पानिपत आणि १८१८ पेशवाईची अखेर. बाकीची साले या खुंट्यांना अडकवावीत. राज्याभिषेकानंतर महाराजांना सहाच वर्षे लाभली, म्हणून १६८०. पुढच्याच वर्षी औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि सव्वीसाव्या वर्षी येथेच मेला. एवढा बादशहा आणि एवढी वर्षे! हे अंतर ध्यानात आले की, मराठ्यांनी दिलेली झुंज वेगळी पाठ करावी लागत नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक सालाला ‘पुढे काय झाले?’ असे विचारा. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले. जूनमध्ये नानासाहेब वारले. सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. १७६३ मध्ये राक्षसभुवनास निजामाचा पराभव झाला आणि १७७२ च्या आरंभी मराठ्यांनी शहाआलम बादशहास दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसविले. पानिपतानंतर अकराच वर्षे! जो विद्यार्थी नुसते १७६१ लिहितो तो पराभव सांगतो; जो १७७२ ही जोडतो तो इतिहास सांगतो.

तिसरी गोष्ट, शकाला भिऊ नका. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या घटनेस मात्र ७९ मिळवावेत. राज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठात, म्हणून १६७४. पानिपत शके १६८२ च्या पौषात, परंतु जानेवारीत, म्हणून १७६१.

चौथी गोष्ट, पुस्तक मिटून लिहा. वाचताना सगळेच येते असे वाटते. कोऱ्या कागदापुढे खरे काय ते कळते. आज लिहिलेले उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी पुन्हा न पाहता लिहावे. चुकेल तेवढ्याच सालाखाली रेघ ओढावी.

आणि साल म्हणजे क्षुल्लक वस्तू, असेही मानू नका. आमच्यापैकी कित्येकांनी लहानपणी शिवजन्माचे साल १६२७ असे पाठ केले होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी आढळली. त्यावर संशोधकांचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख निश्चित केली. एका तारखेसाठी विद्वानांनी आयुष्याची वर्षे वेचली. आपण पाच मिनिटे द्यावयास काय हरकत?

शेवटी पालकांस एक विनंती. मुलाचे साल चुकले तर ‘तुला डोके नाही’ असे म्हणू नका. त्यास जवळ बसवून म्हणा, “ती कथा सांग पाहू.” कथा रंगली की मध्येच हळूच विचारा, “हे केव्हा झाले रे?” दादा आज हयात नाहीत. त्यांना हा प्रश्न कोणी असा मायेने विचारला असता, तर या व्यासपीठावर माझ्याऐवजी कदाचित ते उभे असते.