पंगतीचे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितले, याबद्दल मी मंडळाची आभारी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. व्याख्यान देणे मला जमणार नाही. पण दोनशे-तीनशे पानांच्या स्वयंपाकाला आपण सगळ्याजणी सरावलेल्या आहोत, म्हणून त्यातलाच विषय घेतला आहे.

आपल्या रानशेतच्या बाजूला आता पुष्कळ बायका लग्नाच्या, साखरपुड्याच्या जेवणाच्या ऑर्डरी घेतात. कोणी शाळेत पोषण आहार शिजवते, कोणी अंगणवाडीत अमृत आहार. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरली, की कोणी तेथे जेवणाचे दुकान मांडते. ऑर्डर घेताना आपण तांदूळ दातांखाली धरून पाहतो, तेलाचा वास घेतो, डाळीतले खडे काढतो. पाण्याचे मात्र विचारत नाही. यजमान म्हणतात, “पिंपे भरून ठेवली आहेत,” आणि आपण “बरे” म्हणून पदर खोचतो. खरे पाहता स्वयंपाकात सर्वांत जास्त वजनाने काय पडत असेल, तर ते पाणीच.

कोणी म्हणेल, “सगळे उकळतेच ना? मग भीती कसली?” येथेच आपली गफलत होते. पंगतीचे पाणी दोन प्रकारचे असते. एक विस्तव पाहिलेले, दुसरे विस्तव न पाहिलेले. वरणातले, भातातले पाणी खळखळा उकळते, त्यातले रोगजंतू मरतात. पण ताकात घातलेले पाणी, सरबताचे पाणी, कोथिंबीर आणि काकडी धुतलेले पाणी, ताटे विसळलेले पाणी आणि आपण हात धुतो ते पाणी, यांनी विस्तव कधीच पाहिलेला नसतो. डाळ उत्तम शिजली आणि ओल्या ताटात वाढली, तर त्या ताटातले पाणी डाळीबरोबर पोटात जाते. म्हणून जपायचे ते हे दुसरे पाणी.

पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड असले, म्हणजे ते चांगलेच असे नाही. 1854 साली लंडन शहरात पटकीची मोठी साथ आली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवून दिले, की रोग एका रस्त्यावरच्या पंपाच्या पाण्यातून पसरत आहे. त्या पंपाचे पाणी लोकांना फार आवडे. दूर राहायला गेलेली एक बाई तर ते मुद्दाम मागवून घेई, आणि तीही त्याच रोगाने गेली. ही जुनी गोष्ट झाली असे समजू नका. 2025 च्या जानेवारीत पुण्यासारख्या शहरात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला, हातापायांतले बळ नेणाऱ्या गुइलेन-बॅरे आजाराची साथ आली, तेव्हाही पाणी उकळून प्या असेच लोकांना सांगावे लागले.

आता उपाय सांगते. पाऊस सुरू झाला की आपल्या विहिरींचे पाणी गढूळ होते. तेव्हा पहिले काम गाळण्याचे. दुहेरी फडक्याने गाळावे, तुरटी फिरवावी आणि पाणी निवळू द्यावे. जुन्या बायका निवळीचे बी भांड्याला आतून घासत, तेही याचसाठी. पण निवळलेले पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. आणि गढूळ पाण्यात औषध घातले, तर ते मातीशीच झगडण्यात खर्ची पडते. म्हणून आधी निवळणे, मग औषध, हा क्रम मोडू नये.

औषध म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीकडे असते ती टीसीएल पावडर. प्रमाण 1000 लिटर पाण्याला 5 ग्रॅम. आपले मोठे पिंप 200 लिटरचे, म्हणजे त्याला 1 ग्रॅम लागते. एवढेसे वजन कोण करणार? त्याला युक्ती अशी: 5 ग्रॅम पावडर 1 लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा, आणि वरचे निवळ पाणी 200 मिलिलिटर मोजून पिंपात घालावे. ढवळावे, झाकावे आणि निदान अर्धा तास त्या पाण्याला हात लावू नये. पंगत बाराची असेल, तर हे काम सकाळीच उरकले पाहिजे. नंतर जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्यावी. पाण्याला फिकट पिवळा रंग आला, की औषध शिल्लक आहे असे समजावे. पावडरीची पिशवी उघडी राहिली, तर दमट हवेने तिचा जोर जातो. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावी.

एवढे करून पिंपात कोणी हाताने तांब्या बुडवला, तर सगळे व्यर्थ. पिंपाला तोटी असावी, नाहीतर लांब दांड्याचे ओगराळे. ताटे तीन पाण्यांतून काढावी, तिसरे पाणी औषधाचे असावे, आणि ताटे फडक्याने न पुसता पालथी घालून निथळू द्यावी. एकच फडके शंभर ताटांना फिरले, म्हणजे एका ताटाची घाण शंभर ताटांना.

पिंपे कोठून आणता, तेही पाहा. बाजारात निळी पिंपे स्वस्त मिळतात. त्यांत पूर्वी कोणते रसायन होते, ते विकणाराही सांगू शकत नाही. वाडीतल्या फवारणीच्या औषधाचे कॅन कितीही धुतले, तरी खाण्यापिण्याच्या कामी आणू नयेत. हे विष टीसीएलने मरत नाही आणि उकळूनही जात नाही. बर्फाचेही तसेच. आपला किनारा मासळीचा आहे; मासळीवर घालायचा बर्फ सरबतात घालू नये. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 साली नियमच केला, की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालावा. आणि लग्नात सील नसलेले थंड पाण्याचे जार येतात, तेव्हा थंडपणावर जाऊ नका. आत कोठले पाणी आहे, ते विचारा.

काहीजणी विचारतात, यंत्र घ्यावे का? यंत्र कोणते, हे पाण्यावर ठरते. नुसत्या दिव्याचे यंत्र जंतू मारते, पण ते पाणी पिंपात साठवले, की त्याचे रक्षण करायला मागे काही उरत नाही. आर.ओ. यंत्र खारेपणा काढते, पण बरेच पाणी वाया घालवते. वैशाखात विहीर तळाला गेली असता ते परवडत नाही. बोअरचे पाणी जड असेल, तर डाळ लवकर शिजत नाही आणि पातेल्याला पांढरे कीट धरते. वाफेवर शिजवणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरांत असे कीट बॉयलरला धरू नये, म्हणून पाणी आधी मृदू करून घेतात. तेथे कामाला येतो तो रेझिनचा पिंप आणि त्याला ताजे करणारे मिठाचे पाणी. पण जडपणा गेला म्हणजे जंतू गेले असे नाही. ती दोन कामे वेगळी आहेत.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलते. यजमानाला “तुमचे पाणी चालणार नाही” असे सांगणे आपल्याला जड जाते. त्याचा मान जाईल, ऑर्डर जाईल, पुढच्या वेळी दुसरीला बोलावतील, अशी भीती असते. ही भीती खोटी नाही. त्या पैशावर मुलांच्या फिया भरल्या जातात. पण पंगतीत लेकुरवाळ्या असतात, म्हातारी माणसे असतात. एका दिवसाच्या जुलाबाने मोठा माणूस उठून बसतो. तान्हे मूल उठेलच असे नाही. शिवाय 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली 2011 साली नियम झाले, त्यांतही अन्नात पिण्याच्या योग्यतेचेच पाणी वापरावे असे सांगितले आहे. तेव्हा हा कोणाचा अपमान नव्हे, आपल्या धंद्याचा नियम आहे.

माझी सूचना एवढीच, की मंडळाने आजपासून ऑर्डरीच्या यादीत तांदूळ, डाळ, तेल यांच्या आधी पहिली ओळ पाण्याची लिहावी: पाणी कोठले, औषध कोणी घातले, किती वाजता. त्याचा खर्च आणि एका बाईची मजुरी अंदाजात उघड धरावी. एकटीने सांगितले तर ती भांडखोर ठरते. सगळ्यांनी मिळून सांगितले, तर ती मंडळाची रीत ठरते. डोक्यावरून हंडे आणून आपण पाण्याचे मोल जाणतोच. आता त्याची राखणही आपणच करू या.